रक्तातच असावं लागतं!

आमच्या घराण्यात कुणी काही बरे करून दाखवले, की त्याचे श्रेय आधी त्याच्या रक्ताला मिळते आणि मग काही उरलेच तर त्याला. आत्याचा गळा गोड, कारण ते रक्तातच आहे. काकांचे गणित पक्के, कारण तेही रक्तातच आहे. माझ्या रक्तात काय आहे याचा शोध मात्र घरात कुणालाच लागला नाही. शेवटी पन्नाशीत मी पॅथॉलॉजीवाल्याला विचारले, तेव्हा तो साखर म्हणाला.

छंद म्हणाल तर एक आहे. दरवर्षी जुलैमध्ये तीन आठवडे मी संध्याकाळी घरात असून नसतो. बाहेर पुण्याची पिरपिर चालू असते, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि मी टीव्हीपुढे बसून फ्रान्सच्या उन्हात घाट चढत असतो. 'टूर द फ्रान्स' ही जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत. एकवीस टप्पे, मध्ये दोन दिवस विश्रांती, एकूण साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. आपली आळंदी-पंढरपूर वारी अडीचशेची. पण मुक्काम, गर्दी, रस्त्याच्या दुतर्फा उभी राहून पाणी देणारी माणसे, हे सगळे तसेच. तिथेही आघाडीवरच्या माणसाला एक विशिष्ट सदरा मिळतो, तो पिवळा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला आपण 'घाटाचा राजा' म्हणतो, तसा तिथेही घाटाचा राजा असतो. त्याला लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा देतात. राजाला असा सदरा का, हे मला अजून कळलेले नाही.

माझी स्वतःची कारकीर्द सांगण्यासारखी नाही. कात्रजचा घाट मी सायकलवरून एकदाच गाठला, तोही सायकल हातात धरून. पण क्रिकेटचे षौकीन तरी कुठे क्रिकेट खेळतात?

"ही सगळी माणसं निघालीत कुठं?" हिने पहिल्या वर्षी विचारले होते.

"पॅरिसला."

"मग गाडीनं का जात नाहीत?"

बायकांना प्रश्न नेमका कुठे विचारावा हे उपजत कळते. हाच प्रश्न १९०४ साली, म्हणजे शर्यतीच्या दुसऱ्याच वर्षी, काही स्पर्धकांना पडला होता. कुणी मोटारीचा आधार घेतला, कुणी चक्क आगगाडीत बसले, असे आरोप झाले. रस्त्यावर खिळे टाकणारे प्रेक्षक होते ते वेगळेच. शेवटी पहिले चारही जण बाद झाले आणि पाचवा आलेला आँरी कॉर्ने नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा विजेता ठरला. शर्यत सुरू करणारे संपादक आँरी देग्राँज इतके वैतागले, की ही शर्यत आता संपली, असे त्यांनी आपल्याच वर्तमानपत्रात लिहून टाकले. पुढच्या वर्षी ती पुन्हा झाली. वैतागून काही बंद करायचे आणि मग पुन्हा सुरू करायचे, हे मी सिगारेटच्या बाबतीत पुष्कळदा केलेले असल्यामुळे मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटते.

आगगाडीत एक अडचण असते. तिकीट तपासनीस. औषधाचे तसे नव्हते. १९२४ साली पेलिसिए बंधूंनी भर शर्यत सोडली आणि आल्बेर लोंद्र या पत्रकारापुढे आपली पिशवीच उपडी केली. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय गोळ्यांच्या डब्या. आम्ही डायनामाइटवर चालतो, असे त्यांनी सांगितले. थोर इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पी याला विचारले, तुम्ही औषध घेता का? तो म्हणाला, गरज पडली तरच. गरज कधी पडते? जवळजवळ नेहमीच. पाच वेळा जिंकलेला जाक आंकतिल तर उघड म्हणायचा, की एवढे सगळे नुसत्या बाटलीतल्या पाण्यावर होत नसते. या मंडळींचा मला राग येत नाही. त्यांनी आपल्याला फसवले नाही, आपल्याला ऐकायचे नव्हते.

मग १९६७ उजाडले. फ्रान्सच्या दक्षिणेला माँ व्हाँतू नावाचा डोंगर आहे. एकोणीसशे मीटर उंच, आणि माथा असा बोडका की सावलीला एक झुडूपही नाही. १३ जुलैच्या रणरणत्या उन्हात टॉम सिम्प्सन हा इंग्रज तो डोंगर चढता चढता रस्त्यावर आडवातिडवा जायला लागला, पडला. लोकांनी त्याला पुन्हा सायकलवर बसवून दिले. थोडा वर गेला आणि पुन्हा कोसळला, तो उठलाच नाही. दोनच वर्षांपूर्वी तो जगज्जेता झाला होता. वय एकोणतीस. सदऱ्याच्या मागच्या खिशात अँफेटामिनच्या नळ्या सापडल्या. हे औषध दमणूक घालवत नाही, दमल्याची वर्दी तेवढी अडवते. पोस्टमनला दारातून परत पाठवावे तशी. पत्र तर लिहिलेले असतेच. ज्या ठिकाणी तो पडला तिथे आता एक दगड उभा आहे, आणि डोंगर चढून येणारे लोक त्याच्यापाशी पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या ठेवून जातात.

यानंतर तपासण्या वाढल्या आणि तपासण्यांबरोबर सबबी वाढल्या. मला विचाराल तर सायकलिंगचे खरे वाङ्मय ते हेच. सरकारी कचेरीत सदतीस वर्षे काढली मी. 'आजी वारली' हे कारण एकाच माणसाकडून चार वेळा ऐकले आहे. पण या लोकांपुढे आमचे कर्मचारी म्हणजे बालवर्ग.

१९७८ साली मिशेल पोलांतिए हा बेल्जियन आल्प द्युएझ नावाचा एकवीस वळणांचा घाट चढून पिवळा सदरा घेऊन बसला. मग लघवीची तपासणी. तिथे निष्पन्न असे झाले, की या गृहस्थाच्या काखेत रबरी फुगा आहे, त्यात दुसऱ्याची लघवी आहे, आणि फुग्यापासून योग्य त्या ठिकाणापर्यंत नळी नेलेली आहे. म्हणजे बॅगपाइप वाजवल्यासारखे काख दाबायची की काम फत्ते! घरी आलेल्या प्लंबरला मी ही योजना सांगितली, तेव्हा तो दोन मिनिटे गप्प बसला. मग म्हणाला, "साहेब, प्रेशर मिळणार नाही."

२००२ साली जिल्बेर्तो सिमोनी या इटालियनाच्या तपासणीत कोकेन निघाले. त्याने सांगितले, पेरूहून मावशीने गोळ्या-चॉकलेटे आणली होती, त्यात असेल. आणि गंमत म्हणजे त्याला निर्दोष सोडण्यात आले! मावशीवर संशय घ्यायचा नाही, हा नियम इटलीतही दिसतो. त्याच वर्षी फ्राँक व्हांडनब्रुक याच्या घरी औषधांचा साठा सापडला, तो म्हणे कुत्र्यासाठी होता. आणि त्याच वर्षी (काय वर्ष होते!) रायमोंदास रुम्शास हा लिथुआनियन टूरमध्ये तिसरा आला. तो पॅरिसकडे निघालेला असताना इकडे आल्प्समध्ये त्याच्या बायकोची गाडी अडवली. डिकीत औषधेच औषधे. बाई म्हणाली, ही माझ्या आईसाठी आहेत.

हिने ही बातमी ऐकली आणि प्रथमच सायकलिंगमध्ये रस घेतला.

"म्हणजे त्याच्या सासूसाठी."

"हो."

"जावई नुसता तिसरा आला? सासू उतरली असती तर पहिली आली असती."

बिचारी बाई अडीच महिने कैदेत होती. नवरा त्या शर्यतीत तपासणीत सापडलाच नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे सापडला. टायलर हॅमिल्टनच्या रक्तात दुसऱ्याचेच रक्त मिळाले, तेव्हा त्याच्या बाजूने असाही मुद्दा निघाला की गर्भातच विरून गेलेल्या जुळ्या भावंडाचे असू शकते. आमच्याकडे जुळ्या भावांचा उपयोग फक्त हिंदी सिनेमात होतो. फ्लॉइड लँडिसने २००६ साली टेस्टोस्टेरॉन जास्त निघाल्यावर आदल्या रात्रीच्या व्हिस्कीकडे बोट दाखवले. या न्यायाने आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी दरवर्षी टूर जिंकायला हवेत. इव्हान बास्सोने सांगितले, की मी घेतले नाही, घ्यायचा प्रयत्न केला. स्पेनमधल्या डॉक्टरकडे त्याच्या नावाने ठेवलेल्या पिशवीवर त्याच्या कुत्र्याचे नाव होते. या धंद्यात कुत्र्यांना किती सोसावे लागले आहे!

हसून झाले. आता थोडे रसायनशास्त्र.

एरिथ्रोपोएटिन नावाचा एक पदार्थ आपले मूत्रपिंड तयार करते. त्याचे छोटे नाव ईपीओ. तांबड्या पेशी वाढवा, असा हुकूम तो हाडांच्या मगजाला देतो. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली त्यांच्यासाठी हे औषध कारखान्यात तयार होऊ लागले, आणि नव्वदच्या दशकात सायकलवाल्यांनी ते पळवले. तांबड्या पेशी जास्त, म्हणजे प्राणवायू जास्त, म्हणजे घाट सपाट. फक्त रक्त काकवीसारखे दाट होते आणि हृदयाला ती काकवी ढकलावी लागते. ईपीओ पकडणारी चाचणी बरीच वर्षे नव्हती. म्हणून १९९७ साली नियम झाला की रक्तात पेशींचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर गेले तर घरी बसा. आयकराची मर्यादा ठरली की साऱ्या गावाचे उत्पन्न त्याच्या शंभर रुपये खाली येते, तसे पुष्कळांचे रक्त एकोणपन्नासवर येऊन थांबले. १९९८ साली फेस्टिना संघाच्या मालिशवाल्याची गाडी सरहद्दीवर अडवली, आणि मग सगळे जगापुढे आले. त्या वर्षीची शर्यत जिंकली मार्को पंतानीने. टक्कल, कानात बाळी, डोक्याला रुमाल, आणि घाटात असा उडायचा की मी खुर्चीवर उभा राहायचो. पुढच्या वर्षी तो बावन्न टक्क्यांवर सापडला, आणि २००४ च्या फेब्रुवारीत रिमिनीच्या एका हॉटेलच्या खोलीत एकटाच मरून पडला. चौतीस वर्षांचा होता. त्या बातमीनंतर मी तो रुमालवाला फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला लावला. काढला मात्र नाही.

आणि मग तो अमेरिकन. लान्स आर्मस्ट्राँग.

१९९६ साली कर्करोग झाला, फुफ्फुसात आणि मेंदूत पसरला, त्यातून उठला आणि १९९९ पासून २००५ पर्यंत लागोपाठ सात वेळा टूर जिंकली. २००३ साली लुझ आर्दिदेनच्या घाटात एका प्रेक्षकाच्या पिशवीत हँडल अडकून तो पडला, उठला, आणि तसाच पुढे जाऊन तो टप्पा जिंकला, तेव्हा मी रडलो होतो. ही म्हणाली, "आपल्या लग्नात नव्हता रडलात." पहिल्याच वर्षी त्याच्या तपासणीत कॉर्टिझोन दिसले होते. बैठकीला फोड आला म्हणून मलम लावले, अशी मागच्या तारखेची चिठ्ठी दाखवण्यात आली. मला ते पटले. तासन्‌तास सायकलवर बसल्यावर फोड येणारच! कात्रजनंतर मलाही आला होता.

२००५ च्या एप्रिलमध्ये आमच्या दादाच्या पोटात गाठ निघाली.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला सायकल त्याने शिकवली, म्हणजे मागे सीट धरून पळाला आणि न सांगता सोडून दिले. डॉक्टरांनी केमोथेरपीची आठ आवर्तने सांगितली. मला काय करावे सुचेना. मी आर्मस्ट्राँगचे आत्मचरित्र नेऊन दिले आणि पुतण्याने अमेरिकेहून पाठवलेला पिवळा रबरी बँड त्याच्या मनगटात घातला. त्या काळात निम्मे जग तो बँड घालून हिंडत होते. दादाने पुस्तक वाचले. सायकलची पाने सोडून आजाराची तेवढी दोनदा वाचली. मळमळून आले की बँडकडे बघायचा आणि म्हणायचा, "बाळ्या, हा घाट चढच आहे रे."

तिसऱ्या आवर्तनानंतर त्याचे हिमोग्लोबिन साडेसातवर आले. डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिले. औषधाच्या दुकानात मी चिठ्ठी वाचली आणि गार झालो. एरिथ्रोपोएटिन! आठवड्याला तीन! दुकानदाराने बर्फाच्या पाकिटासकट ती खोकी प्लॅस्टिकच्या डब्यात भरून दिली. "थंड राहिलं पाहिजे हां काका, पळा लगेच."

मी स्कूटरच्या डिकीत डबा ठेवला आणि पळालो. पळालो, तो सिग्नल पाळायचा राहिला. चौकात हवालदार.

"डिकी उघडा."

कागदपत्रे डिकीतच होती, त्यांच्यावर तो डबा. त्याने विचारले, हे काय? माझ्या तोंडाला कोरड पडली. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्या मालिशवाल्याच्या जागी उभा होतो.

"औषध आहे."

"कुणासाठी?"

"भावासाठी," मी म्हणालो, आणि ते इतके खोटे वाटले की मीच पुढे म्हणालो, "खरंच भावासाठी!"

हवालदाराने चिठ्ठी वाचली. वर हॉस्पिटलचे नाव होते, ते बघितले. वहीत घातलेले पेन खिशाला लावले. "जावा," एवढेच म्हणाला. पुढच्या सिग्नलला मी हिरवा असतानाही थांबलो.

त्या जुलैत दादा आणि मी शेवटचा टप्पा एकत्र बघितला. पॅरिसमध्ये निरोपाच्या भाषणात आर्मस्ट्राँग म्हणाला, की ज्यांचा चमत्कारांवर विश्वास नाही त्यांची मला कीव येते. दादाने माझा हात दाबला. त्याच्या डोक्यावर तेव्हा एकही केस नव्हता. पंतानीसारखा दिसत होता.

दादा बरा झाला. आणि २०१२ च्या ऑक्टोबरात आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे गेली. २०१३ च्या जानेवारीत ओप्रा विन्फ्रीपुढे बसून तो हो म्हणाला. ईपीओ? हो. रक्त चढवणे? हो. साती वेळा? हो. इतक्या वर्षांच्या 'नाही'नंतर तो माणूस असा भराभर हो म्हणत सुटला, की ही म्हणाली, "लग्नाला उभा राहिलाय का?" त्या सात वर्षांच्या यादीत आता विजेताच नाही. दुसऱ्याला द्यावे तर दुसरा कोण, याची कुणी चौकशी करायला धजले नाही.

मला त्याच्या खोटेपणापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने छळले. ख्रिस्तोफ बासों नावाचा एक फ्रेंच सायकलपटू होता. फेस्टिनाच्याच संघात होता, पण सुई टोचून घेत नव्हता. १९९९ च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात लिहायचा, की फार काही बदललेले नाही. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले. आर्मस्ट्राँगने चालत्या शर्यतीत त्याला गाठून घरी जा म्हणून सांगितले. आणि काही दिवसांनी एका सकाळी तो खरेच घरी गेला. हे सगळे मी मागाहून वाचले. पण खरे सांगतो, त्या वेळी कळले असते तरी मी काय म्हणालो असतो? रडतराऊ म्हणालो असतो. पाय चालत नाहीत म्हणून तोंड चालवतोय, असे म्हणालो असतो. कचेरीत वरकड पैसे न घेणाऱ्या एका सहकाऱ्याबद्दल आम्ही असेच म्हणायचो. तो डबा खायला एकटाच बसायचा.

दादाला सांगायचे कसे, हा प्रश्न होता. मी दोन दिवस त्याच्याकडचे पेपर उचलून आणले. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन. "तुझ्या त्या अमेरिकनाचं वाचलं."

"दादा, मी तुला नसतं..."

"अरे, केमो तर त्यानं खरीच घेतली ना? मग झालं. सायकलची पानं मी वाचलीच नव्हती." थोडे थांबून म्हणाला, "आणि काय रे, ते ईपीओ म्हणजे तू मला स्कूटरवरून आणून द्यायचास तेच ना? म्हणजे मीही डोपिंगवालाच की! मला कुठली शर्यत मिळाली?"

तो पिवळा बँड वहिनीने टाकला नाही. आमच्याकडे रबर टाकत नाहीत. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायला तो उत्तम बसतो.

टूर मी अजून बघतो. १४ जुलै २०२४ ला तादेय पोगाचार प्लातो द बेयचा घाट चढला, तो पंतानीच्या १९९८ च्या विक्रमाहून साडेतीन मिनिटे आणि वर काही सेकंद लवकर. आता सायकली हलक्या आहेत, टायर निराळे आहेत, खाणे तराजूवर मोजून आहे, तासाला शंभर ग्रॅमहून जास्त साखर पचवायला ही मुले शिकली आहेत. (मला दहा पचत नाही.) रक्ताचा वर्षानुवर्षांचा ताळेबंद ठेवतात, त्याला जैविक पासपोर्ट म्हणतात. हा पोरगा कधीही कुठल्याही तपासणीत सापडलेला नाही, आणि त्याच्याविरुद्ध माझ्याकडे घड्याळाखेरीज काही नाही. घड्याळ हा पुरावा नव्हे. तरी त्या संध्याकाळी मी टाळ्या वाजवायला उठलो आणि हात मध्येच थांबले. त्या मुलाने माझे काय वाकडे केले होते? काही नाही. त्याच्या आधीच्यांनी केलेली उधारी मी त्याच्याकडून वसूल करत होतो.

दादा शेजारी बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होता.

त्यानंतरच्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो. लिफ्ट बंद. खाली दादा भेटला, हातात भाजीची पिशवी. चौथ्या मजल्यापर्यंत तो पुढे आणि मी मागे. दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरला, तो वरून म्हणाला, "येतोस ना?" वर पोचलो तर साहेब आरामात चपला काढून बसलेले. धाप नाही, काही नाही.

"हिमोग्लोबिन किती आहे तुझं?" मी विचारले.

"मागच्या आठवड्यात चौदा पॉइंट आठ."

"ह्या वयात? काय घेतोस?"

"काही नाही रे. वहिनी अळिवाचे लाडू करते, सकाळी एक."

"नुसते लाडू?"

"नुसते लाडू."

वहिनीने डबा आणून पुढे ठेवला. मी एक उचलला, उजेडात धरला, मोडून आत बघितला, आणि वास घेतला.